दीडशे डॉलरचं अळू

'लाडू कधी देताय?' असं कुणी विचारलं तर प्रश्न लाडवांचा नसतो, लग्नाचा असतो. हवाईतल्या लुआउचं नेमकं हेच झालं आहे. हवाईयन भाषेत लुआउ म्हणजे अळूची कोवळी पानं. ती नारळाच्या दुधात शिजवून त्यात कोंबडी नाहीतर ऑक्टोपस घातला की त्या पदार्थालाही लुआउच म्हणायचं. ज्या जेवणावळीत हा पदार्थ हमखास असायचा, तिलाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लोक लुआउ म्हणायला लागले. त्याआधीचा शब्द होता अहाआइना. म्हणजे आपण लग्नाच्या पंगतीलाच 'फदफदं' म्हणावं, तसं. आज या फदफद्याच्या पंगतीचं तिकीट माणशी साधारण सव्वाशे ते अडीचशे डॉलर आहे. गंमत म्हणजे एवढे मोजूनही ताटात अळू येईलच याची खात्री नसते.

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातलं किंवा न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन होनोलुलूला जायचं ठरवतं, तेव्हा विमान आणि हॉटेलनंतर वाद होतो तो याच खर्चावर. आधी आकडा मांडू. मोठ्यांचं तिकीट 180 आणि मुलांचं 110 धरलं, तर दोन मोठे आणि दोन मुलं यांचे 580 डॉलर होतात. त्यावर 4.712 टक्के कर, म्हणजे 607. गाडी नसेल तर वायकीकीहून, म्हणजे होनोलुलूच्या हॉटेलांच्या किनाऱ्यावरून, बसने नेण्याआणण्याचे वेगळे. वाढप्यांची टीप आणि फोटोवाल्याने गळ्यात हार घालताना काढलेल्या फोटोचे पैसे धरले की साडेसहाशे ते सातशे होतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर हजार ओलांडतो.

हे पैसे जेवणाचे नाहीत, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं. समुद्राकाठच्या जागेचे, चार तासांच्या कार्यक्रमाचे, दारूचे आणि चाळीस-पन्नास माणसांच्या मेहनतीचे ते पैसे आहेत. जेवण त्यातला एक तुकडा. म्हणून 'लुआउ परवडतो का' असं मोघम विचारण्यापेक्षा, त्यातलं काय काय तुमच्या पदरात पडणार आहे ते बघावं.

सगळ्यात मोलाची गोष्ट बहुतेक पाहुण्यांच्या नजरेतून निसटते, कारण ती जमिनीखाली असते. तिचं नाव इमू. अख्ख्या डुकरासाठी साधारण कंबरेइतका खोल आणि पुरुषभर लांबीचा खड्डा खणतात. तळाशी कियावेची लाकडं रचतात. कियावे म्हणजे आपल्या माळरानावरच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. तसाच चिवट काटेरी झाडोरा, तसाच कडक कोळसा. लाकडांवर सच्छिद्र लाव्हाचे दगड. दोन-तीन तास जाळ चालतो. दगड आधी काजळीने काळे होतात आणि मग ती काजळीही जळून ते पांढुरके पडतात. तेव्हा ते तयार झाले असं समजायचं. अर्धवट जळकी लाकडं बाहेर काढायची, नाहीतर कोंडलेल्या धुराने मांस कडवट होतं. दगड सारखे करून त्यांवर केळीचे ठेचलेले खुंट अंथरायचे. पाणी वेगळं घालायचं नसतं. केळीच्या खुंटातलं पाणीच वाफ होतं. त्यावर केळीची पानं आणि टी-लीफ. टी-लीफ म्हणजे चहाचं पान नव्हे, आपल्याकडे नर्सरीत कॉर्डिलाइन म्हणून विकतात त्याच झाडाचं हे पान.

डुकराला आतून-बाहेरून जाडं मीठ चोळतात. पोटात आणि पायांच्या सांध्यांपाशी चिरा देऊन तिथे तापलेले दगड भरतात, कारण बाहेरची वाफ हाडापर्यंत पोचायला वेळ लागतो. खाली जाळी घालतात. ती विसरली तर शिजलेलं जनावर उचलताना जागच्या जागी सुटतं. वरून पुन्हा पानं, ओली गोणपाटं, ताडपत्री, आणि शेवटी माती. मग आठ-दहा तास वाट बघायची. आणि नुसती वाट बघायची नाही, राखणही करायची. मातीतून वाफेची बारीकशी धार जरी वर आली तरी तिथे लगेच माती लिंपायची. अलिबागकडची पोपटी ज्यांनी केली आहे त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. तिथेही पाण्याचा थेंब न घालता भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वाफेवर शेंगा शिजतात.

यात बिघडण्यासारखं पुष्कळ असतं. नदीतले गुळगुळीत दगड घेतले तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. दगड कमी पडले तर मांड्या हाडापाशी कच्च्या राहतात. केळीचे खुंट जास्त झाले तर मांस पाणचट होतं, आणि कमी पडले तर खालची बाजू करपते. सगळं जमलं, तर माती बाजूला करून गोणपाटं उचलल्यावर आधी पानांचा वास येतो, उकडीच्या मोदकाखालच्या हळदीच्या पानाची आठवण करून देणारा, फक्त धुरकट. मग चरबीचा. मागचं हाड धरून ओढलं की ते मांसातून निघून येतं, स्वच्छ, म्यानातून सुरी यावी तसं.

आता एक हिशेब. साफ केलेलं डुक्कर 70 किलोचं असेल, तर हाडं आणि आटलेलं पाणी वजा जाता खाण्याजोगं मांस उरतं 35 किलोच्या आसपास. माणशी दीडशे ग्रॅम वाढलं तर ते जेमतेम सव्वादोनशे माणसांना पुरतं. मोठ्या लुआउला पाचशे-सहाशे माणसं बसतात. म्हणजे इमूतून काढलेलं ते एक डुक्कर बघण्यापुरतं असतं आणि ताटातलं बरंचसं कालुआ पोर्क, म्हणजे इमूच्या नावाने वाढलेलं डुकराचं मांस, स्वयंपाकघरातल्या भट्टीत शिजून, कधी कधी बाटलीतला धूर लावून आलेलं असतं. याला फसवणूक म्हणायचं कारण नाही, पण पैसे इमूच्या नावाने मोजत असाल तर आधी फोन करून विचारावं: इमू रोज पेटवता का, आणि त्यातलं मांस ताटात येतं का? सरळ उत्तर देणारे देतात. 'अनुभव फार सुंदर आहे' असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा.

पोईबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण हवाईत या पदार्थाइतका अन्याय दुसऱ्या कशावर होत नसेल. पोई म्हणजे अळूचा कांदा वाफवून, दगडाच्या बत्त्याने कुटून, पाणी घालून केलेली जांभळट-करडी लापशी. एका बोटाने उचलता आली तर ती एकबोटी पोई, म्हणजे घट्ट. पातळ होत गेली की दोनबोटी, तीनबोटी. ताजी पोई मिळमिळीत असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबट होते, आणि घरच्या लोकांना तीच आवडते. नाचणीची आंबील आवडणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पाहुणे मात्र चमचाभर पोई नुसती तोंडात घालतात आणि 'खळ आहे' म्हणून बाजूला सारतात. आमटीशिवाय नुसता भात खाऊन जेवणाला नावं ठेवण्यासारखंच हे. खारट कालुआ पोर्कचा घास आणि लगेच मागून पोई, असं ती खायची असते. शाकाहारी असाल तर चिमूटभर मीठ आणि कच्चा कांदा लावून बघा. अळू खाजतं ते तिकडेही खाजतं. आपण चिंच घालतो, ते वेळ घालतात. पानं तासभर शिजवल्याशिवाय ताटात येत नाहीत.

हवाईयन लोकांच्या कथेत अळूचं रोप हा माणसाचा थोरला भाऊ आहे. आकाशपिता वाकेआचं पहिलं बाळ मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथून कालो म्हणजे अळू उगवलं, आणि दुसरं बाळ माणूस झालं. म्हणून पोईचं भांडं मांडलेलं असताना भांडायचं नाही, असा जुन्या घरांत रिवाज आहे. बुफेच्या रांगेत हे कुणी सांगत नाही.

'पारंपरिक' या शब्दावर तिकिटाची निम्मी किंमत उभी असते, म्हणून तोही जरा खरवडून बघू. 1819 पर्यंत हवाईत बायका आणि पुरुष एका पंगतीला बसत नसत. बायकांना डुकराचं मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी निषिद्ध होती. त्या वर्षी राजा दुसरा कामेहामेहा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला आणि जुने निर्बंध मोडले. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायची रीत त्यानंतरची, म्हणजे लुआउचा जन्मच एका सहभोजनातून झाला म्हणा. ताटातलं लोमी सॅमन घ्या. हा मासा हवाईच्या समुद्रात नाही, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून पिंपांत खारवून यायचा. 'चिकन लाँग राइस' म्हणजे मुगाच्या पारदर्शक शेवया, चिनी मजुरांनी आणलेल्या. युकुलेलेचं मूळ मदेइराहून 1879 साली आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या वाद्यात आहे. कियावेचं झाडसुद्धा 1828 चं. हातात देतात ते माय ताय नावाचं कॉकटेल 1944 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये तयार झालं.

यावरून सगळं खोटं असं म्हणायची घाई नको. आपली उपासाची साबुदाण्याची खिचडी आठवा: साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणे, यातली एकूण एक वस्तू अमेरिका खंडांतून आलेली. तरी एकादशीला तिच्या सोवळेपणाबद्दल कुणी शंका काढत नाही. परंपरा अशाच बनतात. दुसऱ्या द्वीपांचा ऐवज हवाईच्या नावाने विकला जातो, ते मात्र ओळखता आलं पाहिजे. ढोलांच्या कडकडाटावर कंबर झपाझप हलते तो नाच ताहितीचा. जीभ काढून मांड्या थोपटतात तो हाका न्यूझीलंडच्या माओरींचा. आणि शेवटी दिवे मालवून जळते सुरे फिरवतात, ज्यासाठी पोरं जागी राहतात, तो सामोआचा. त्यातही सुऱ्याला आग लावायची कल्पना 1946 साली सान फ्रान्सिस्कोत एका सामोअन नर्तकाला सुचली. माउई बेटावरचा ओल्ड लाहाइना लुआउ हा अग्निनृत्य न ठेवण्याबद्दलच ओळखला जातो. उलट होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूवरच्या लाइए गावातलं पॉलिनेशियन कल्चरल सेंटर, 1963 पासूनचं, मॉर्मन चर्चचं, सगळी द्वीपं वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या वाड्यांत मांडतं. तिथे दारू मिळत नाही, रविवारी बंद असतं, आणि दुपारपासून रात्रीपर्यंतचा अख्खा दिवस जातो. मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर ओआहूवर पैसे तिथे जास्त वसूल होतात, हे आमचं स्पष्ट मत.

हवाईचा स्वतःचा तो हुला, आणि तिकीट घ्यायचं तर त्याच्यासाठी. हुला दोन तऱ्हांचा. आउआना म्हणजे युकुलेले-गिटारवरचा, गोड, हसऱ्या चेहऱ्याचा. आणि काहिको म्हणजे जुना, ज्यात बहुधा वाजतो तो इपू: वाळवलेले दोन दुधी भोपळे एकावर एक जोडलेले, एकतारीला लागतो त्या जातीचे. गुरू जमिनीवर बसून तो आधी चटईवर आपटतात, मग बोटांनी वाजवतात, आणि मंत्रासारख्या चालीत ओळी म्हणतात. नर्तिका गुडघ्यांत वाकलेल्या, पावलं जमिनीला चिकटलेली, डोळे हाताच्या मागे. कडवं संपता संपता त्यांच्यातली एक पुढच्या कडव्याचे पहिले शब्द ओरडून सांगते, की गुरू तिथून उचलतात. हे शब्द ऐकू आले की ती माणसं नुसती बसवलेली नाहीत, शिकलेली आहेत, हे कळतं. राणी काआहुमानूने ख्रिस्ती झाल्यावर 1830 मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली होती. राजा कालाकाउआने तो 1883 च्या आपल्या राज्याभिषेकात पुन्हा मानाने दरबारात आणला. हाच राजा 1881 च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता.

मोठ्या लुआउमध्ये काहिको पाच-सात मिनिटं असतो. कार्यक्रमपत्रिकेत तो नावानिशी नसेल तर तिकिटाचा सगळ्यात चांगला तुकडा गेला असं समजा.

शाकाहारी घरांचं गणित वेगळं आणि बहुधा तोट्याचं. पोई, जांभळं रताळं, भात, हिरवी पानं, अननस आणि शेवटी हौपिया, म्हणजे नारळाचं दूध, साखर आणि कॉर्नस्टार्चच्या घट्ट वड्या. यापलीकडे निर्धास्त खाता येईल असं फार नसतं. लुआउच्या पानांत कोंबडी किंवा ऑक्टोपस, लाउलाउच्या पुडीत डुक्कर, शेवया कोंबडीच्या पाण्यात, मॅकरोनी सॅलडमध्ये अंड्याचं मेयोनेज. दोन-तीन दिवस आधी कळवलं तर बऱ्याच ठिकाणी वेगळं ताट करून देतात, पण दारावर जाऊन सांगितलं तर रताळ्यावर भागवावं लागतं. दारूही घेत नसाल तर तिकिटातला मोठा भाग दुसऱ्यांच्या खात्यात गेला. काउआई बेटावर काही ठिकाणी जेवणाशिवाय फक्त कार्यक्रमाचं तिकीट मिळतं, बरंच स्वस्तात. शाकाहारी जोडप्याने तेच घ्यावं आणि आधी पोटभर जेवून जावं.

पुढच्या रांगेचं महागडं तिकीट आमच्या मते फुकट आहे. चाळीस-पन्नास डॉलर जास्त देऊन मिळतं काय, तर बुफेला आधी बोलावणं, शिंपल्यांऐवजी ऑर्किडचा हार आणि रंगमंचाजवळची खुर्ची. आठ-दहा खुर्च्यांच्या लांब टेबलांवर अनोळखी लोकांबरोबर बसायचं असतं, ते दोन्हीकडे तेच. बुफेला टेबलाच्या क्रमाने सोडतात. शेवटच्या टेबलाला अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं आणि मासा तोवर गार होतो. आजोबांना मधुमेह असेल तर खिशात काहीतरी ठेवा. नाहीतर जिथे जेवण टेबलावर आणून वाढतात अशी जागा निवडा, फरक पडतो तो तिथे.

वेळेचं गणित चुकलं तर सगळं चुकतं. दारं साडेचार-पाचला उघडतात, इमू सूर्यास्ताच्या सुमाराला उघडतात, आगीचा नाच साडेआठच्या आसपास. न्यू जर्सीहून त्याच दिवशी आलेल्या मुलाच्या अंगात तेव्हा रात्रीचे दीड-अडीच वाजलेले असतात. ते टेबलावर डोकं ठेवून झोपतं आणि त्याचे 110 डॉलर त्याच्याबरोबर झोपतात. तिसरा किंवा चौथा दिवस धरा. सूर्यास्त डिसेंबरात पावणेसहाच्या पुढेमागे आणि जूनमध्ये सव्वासातला होतो, तेव्हा हिवाळ्यात उशिरा पोचलात तर 'समुद्रावरचा सूर्यास्त' अंधारात बघावा लागेल. वायकीकीहून बेटाच्या पश्चिमेकडच्या को ओलिनाकडे, जिथे लुआउ होतात, जायला अंतर चाळीस-बेचाळीस किलोमीटरच, पण दुपारी तीननंतर तो रस्ता घरी परतणाऱ्या गाड्यांनी तुंबतो. दीड तास धरा. बेटाची ईशान्य बाजू वाऱ्याच्या तोंडावर असल्याने कोकणासारखी ओली, पश्चिम बाजू घाटापलीकडच्या देशासारखी कोरडी. नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर कोरड्या बाजूचा लुआउ घ्या आणि पाऊस आला तर पैसे परत मिळतात की तंबूत बसवतात, ते आधी वाचा. बहुधा तंबूतच बसवतात.

आणि न जाता? होनोलुलूत हेलेनाज हवाईयन फूड हे 1946 पासूनचं साधं खानावळवजा दुकान आहे. तिथे कालुआ पोर्क, पोई, लाउलाउ, हौपिया हे सगळं तिकिटाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात मिळतं, आणि अळू खरोखर ताटात येतं. वायकीकीच्या कुहिओ बीचवर आठवड्यातल्या काही संध्याकाळी मशाली पेटवून, शंख फुंकून फुकट हुला होतो. चटई घेऊन गवतावर बसायचं. या दोन संध्याकाळी जोडल्या तर मांसाहारी माणसाचा लुआउ जवळजवळ झाला, फक्त इमू आणि आग राहिली. तीन पिढ्या एकत्र आल्या असतील आणि पुन्हा हवाईला येणं होणार नसेल, तर मात्र हजार डॉलर मोजून एकदा जावं. आजी, सून आणि नातू चार तास एका टेबलावर बसतात आणि कुणाला स्वयंपाक करावा लागत नाही, हे त्या हजारात धरा.

तिकीट नसलेलाही एक लुआउ असतो. हवाईत बाळाचा पहिला वाढदिवस लग्नासारखा करतात. एकोणिसाव्या शतकात साथींनी इतकी मुलं नेली, की वर्ष पार पडणं हीच मोठी गोष्ट होती, असं त्यामागचं कारण सांगतात. गॅरेजमध्ये किंवा बागेत ताडपत्रीचा मांडव, घडीची टेबलं, काकाने रात्रभर जागून राखलेला इमू. तिकडे नोकरीला असलेल्यांना ऑफिसातून असं बोलावणं हमखास येतं. जाताना पाकिटात पैसे घालून न्यावेत, चपला दाराबाहेर काढाव्यात, आणि निघताना फॉइलने झाकलेलं ताट हातात ठेवतील ते 'नको, पोट भरलं' म्हणून परत करायचं नसतं.